प्रकाश मोजणाऱ्यांची परंपरा

पावसाळ्याच्या आरंभीचा रविवार होता. शहापूर तालुक्यातील एका लहानशा उपकेंद्रावर मिस्सा आटोपून आम्ही निघण्याच्या तयारीत होतो. इतक्यात एक शेतकरी पिता आपल्या मुलीला घेऊन समोर आला. मुलगी विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झालेली. शाळेत असताना तिने विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचे खोके आणि सीडीचा तुकडा घेऊन दिव्याच्या प्रकाशाचे रंग वेगळे करून दाखवणारे एक साधन बनविले होते. तेव्हापासून तिच्या मनाने घेतले होते की, पदार्थविज्ञान शिकावे आणि प्रकाशावर काम करावे. पित्याचा प्रश्न सरळ होता. "फादर, नर्सिंगला गेली तर तीन-चार वर्षांत हाताशी येईल. ह्या फिजिक्सचं पुढं काय होतं? प्रकाश मोजणारी माणसं पोटाला काय करतात?"

त्याच वेळी मुरबाडहून आलेला, आयटीआयमधून फिटरचे शिक्षण घेतलेला आणि तेथील औद्योगिक वसाहतीत कामाला असलेला एक तरुण बाजूस उभा होता. तो हसून म्हणाला, "आणि फादर, आमच्यासारख्या पाना-हातोडीवाल्यांचं त्या प्रयोगशाळेत काही काम असतं का?"

आमचे शिक्षण सेमिनरीतले, तत्त्वज्ञान आणि ईशज्ञानाचे. दोघांनाही आम्ही त्या क्षणी उत्तर देऊ शकलो नाही. "विचार करून सांगतो," एवढेच म्हणालो. त्यानंतर काही आठवडे जुनी-नवी पुस्तके चाळली, जाणकारांना विचारले. त्यातून जे हाती लागले ते या दोघांपुरते न ठेवता आपल्या सर्व कुटुंबांपुढे मांडावे असे वाटल्यामुळे हा लेखनप्रपंच.

दुर्बिणीने मोजलेला मुलूख

प्रकाशाच्या साहाय्याने मोजमाप करणे ही गोष्ट आमच्या भागाला परकी नाही. कसाऱ्याचा थळ घाट चढून जाणारा लोहमार्ग १८६५ साली खुला झाला. त्याआधी या डोंगरांतून थिओडोलाइट नावाचे यंत्र घेऊन मोजणीदार फिरले होते. थिओडोलाइट म्हणजे कोन मोजणाऱ्या चकत्यांवर बसविलेली दुर्बीण. दूरच्या खुणेवर दृष्टी रोखायची, कोन वाचायचा आणि न चालताच अंतर व उंची काढायची, ही त्याची रीत. पुढे याच शहापूर तालुक्यात तानसा धरण बांधले गेले व १८९२ साली तेथील पाणी मुंबईला पोहोचले. त्यानंतर वैतरणा आणि भातसा आल्या. या प्रत्येक कामाआधी आमच्या टेकड्या, ओहोळ आणि शेते कोणीतरी दुर्बिणीतून मोजली होती.

मोजणारे बाहेरचे होते. पाणी गेले तेही बाहेर. उन्हाळ्यात धरणांच्या उशाशी असलेल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते, हे वाचकांना नव्याने सांगायला नको. त्यात दोष कोणाचा हा आजचा विषय नव्हे. परंतु ज्याच्या हाती मोजमापाचे यंत्र आणि ते वाचण्याची विद्या असते, त्याचा शब्द निर्णयाच्या वेळी ऐकला जातो, एवढे मात्र त्यातून स्पष्ट होते. म्हणूनच "प्रकाश मोजणारी माणसं काय करतात?" हा त्या पित्याचा प्रश्न आम्हाला केवळ नोकरीचा वाटला नाही.

सावलीच्या वाटेवरचे तीन तळ

या माणसांची ओळख करून घेण्यासाठी एका दिवसाकडे वळू. २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी दुपारी चंद्राची सावली कोकणच्या किनाऱ्यावरून हिंदुस्थानात शिरली आणि ईशान्येकडे निघून गेली. शहापूर-मुरबाडकडे सूर्य पूर्ण झाकला गेला नाही, नुसता झाकोळला. सावलीच्या मधल्या पट्ट्यात मात्र सुमारे दोन मिनिटे खग्रास ग्रहण लागले. ती दोन मिनिटे टिपण्यासाठी त्या वाटेवर ठिकठिकाणी तळ पडले होते. त्यांतील तीन आपण पाहू.

पहिला तळ विजयदुर्ग किल्ल्यावर होता. तेथे सर नॉर्मन लॉकियर हे इंग्रज शास्त्रज्ञ आले होते. आज त्यांची गणना थोर शास्त्रज्ञांत होते, पण त्यांची सुरुवात झाली ती इंग्लंडच्या युद्धखात्यातील कारकुनीने. दिवसा टेबलावर कागद आणि सायंकाळी घरच्या दुर्बिणीवर डोळा, असे त्यांचे आयुष्य होते. पुढे दुर्बिणीला त्यांनी वर्णपटदर्शक जोडला. लोलकातून प्रकाश गेला की त्याचे रंग पसरतात, आणि त्या रंगपट्ट्यात बारीक रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरावीक जागी असतात, जणू त्याची सही. रेषेची जागा अचूक मोजली की सूर्यावर न जाताही तेथे कोणते द्रव्य आहे हे कळते. १८६८ साली सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेषा आढळली. ती पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळेना. लॉकियर यांनी ती एका नव्या द्रव्याची मानली. त्यालाच हेलियम हे नाव मिळाले. पृथ्वीवर हेलियम सापडला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांना. तोपर्यंत सत्तावीस वर्षे केवळ एका रेषेच्या मोजमापावर त्याचे अस्तित्व उभे होते.

विजयदुर्गावरच १८६८ साली हेलियमचा शोध लागला असे आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते. ते तसे नाही. त्या वर्षी ऑगस्टमधील ग्रहण फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सन यांनी गुंटूर येथून पाहिले, आणि लॉकियर यांनी आपले निरीक्षण ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधूनच केले. ते विजयदुर्गला आले तीस वर्षांनी, या १८९८ च्या ग्रहणासाठी. मोजमापाचा इतिहास लिहिताना निदान तारखा तरी अचूक असाव्यात, म्हणून हा खुलासा.

दुसरा तळ सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या रेल्वे स्थानकाजवळ होता. त्याचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. हे आपल्या महाराष्ट्राचे. त्यांच्याकडे आपण पुन्हा येऊ.

तिसरा तळ दूर बिहारमधील डुमराव येथे होता, आणि तो होता येशूसंघीय धर्मगुरूंचा. कलकत्त्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाशी निगडित असलेल्या या मंडळींमध्ये फादर व्हिक्टर द कांपिन्योल हे होते. या ग्रहणाच्या निरीक्षणांचा अहवाल त्यांनी लिहिला व तो १८९९ मध्ये छापला गेला.

एक कारकून, एक प्राध्यापक, काही धर्मगुरू. तिघांच्या हाती एकाच प्रकारचे यंत्र, तिघांची नजर एकाच सूर्यावर. पण तेथवर पोहोचण्याचे दरवाजे मात्र वेगवेगळे. त्या पित्याच्या प्रश्नाचे पहिले अर्धे उत्तर येथेच मिळते. या विद्येला एकच एक राजमार्ग कधीच नव्हता. उरलेले अर्धे उत्तर मिळते ते या तिन्ही तळांपैकी दोन तळांचे पुढे काय झाले, यातून.

पुण्यातील एकाकी वेधशाळा

नायगमवाला यांचा जन्म १८५७ चा. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८७८ साली ते एम. ए. झाले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. विद्यार्थ्यांसाठी वर्णपटाची प्रयोगशाळा असावी अशी त्यांची इच्छा होती. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये त्यासाठी पाच हजार रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारनेही हात दिला. नायगमवाला विलायतेस जाऊन तेथील ज्योतिर्विदांना भेटले आणि प्रयोगशाळेच्या कल्पनेतून पूर्ण वेधशाळा आकाराला आली. १८८८ च्या सुमारास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सच्या, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालेल्या संस्थेच्या आवारात 'महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा' उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील तिची परावर्तक दुर्बीण, जी पुढे वीस इंची म्हणून ओळखली गेली, त्या काळी हिंदुस्थानातील सर्वांत मोठी होती.

या दुर्बिणीने नायगमवाला यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघाच्या प्रकाशातील मुख्य हिरवी रेषा अभ्यासली. ही रेषा मॅग्नेशियममुळे उमटते असा एक सिद्धान्त तेव्हा मांडला गेला होता, आणि तो मांडणारे होते स्वतः लॉकियर! तसे असते तर रेषेची एक कड धूसर दिसायला हवी होती. पुण्याच्या प्राध्यापकाने आपली निरीक्षणे १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध केली. रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ, रेखीव आहे, असे त्यांचे मोजमाप सांगत होते. ती रेषा खरोखर कशाची, हे कोडे १९२७ मध्ये अमेरिकेतील आयरा बोवेन यांनी उलगडले. अतिविरळ अवस्थेतील ऑक्सिजनची ती रेषा होती. मोजणाऱ्याचे नाव कितीही लहान असो आणि सिद्धान्त मांडणाऱ्याचे कितीही मोठे असो, अखेर मोजमापच टिकते, हे यातून शिकण्यासारखे आहे.

जेऊरच्या ग्रहणाचा नायगमवाला यांचा अहवाल १९०२ मध्ये वेधशाळेने प्रसिद्ध केला. १९१२ साली ते सेवानिवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी नेमले गेले नाही. सरकारने वेधशाळाच बंद केली आणि ती मोठी दुर्बीण दक्षिणेत कोडाईकनालला पाठविली. तेथे ती 'भावनगर दुर्बीण' या नावाने ओळखली जाऊ लागली. १९३८ मध्ये नायगमवाला वारले. पुण्यात जे उभे राहिले होते ते चोवीस वर्षांत संपले. पैसा होता, यंत्र होते, विद्वान होता. नव्हता तो वारसदार आणि त्या वारसदारासाठी राखून ठेवलेली जागा.

कलकत्त्यातील साखळी

आता डुमरावला तळ ठोकणाऱ्या धर्मगुरूंकडे वळू. त्यांच्यामागे एक परंपरा होती आणि तिचे मूळ पुरुष होते फादर युजीन लाफों. बेल्जियमचे हे येशूसंघीय धर्मगुरू १८६५ मध्ये कलकत्त्याला आले व सेंट झेवियर्समध्ये पदार्थविज्ञान शिकवू लागले. डिसेंबर १८७४ मध्ये शुक्र ग्रह सूर्यबिंबावरून सरकला, तेव्हा इटलीहून आलेल्या ताकिनी यांच्या पथकासोबत फादर लाफों यांनी वर्णपटदर्शकाने निरीक्षण केले. त्यानंतर महाविद्यालयातच सूर्याच्या अभ्यासासाठी वेधशाळा उभारण्यात आली.

परंतु फादर लाफों यांचे खरे कार्य वेधशाळेपेक्षा मोठे होते. ते सामान्य लोकांसाठी विज्ञानावर सप्रयोग व्याख्याने देत. यंत्र लपवून ठेवण्याऐवजी ते लोकांच्या पुढे मांडत. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ मध्ये 'इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स' ही संस्था स्थापली, तेव्हा एक हिंदू डॉक्टर आणि एक परदेशी धर्मगुरू खांद्याला खांदा लावून उभे राहिले. फादर लाफों तेथे वर्षानुवर्षे शिकवीत राहिले. जगदीशचंद्र बोस हे त्यांचे झेवियर्समधील विद्यार्थी. पुढे बोस यांनी विद्युत लहरींवर जे प्रयोग केले, ते प्रकाशाप्रमाणेच त्या लहरीही वळतात, परावर्तित होतात हे दाखविणारे होते.

फादर लाफों १९०८ मध्ये निवर्तले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९०७ मध्ये, सरकारी हिशेब खात्यातील एक अठरा-एकोणीस वर्षांचा अधिकारी कलकत्त्यास रुजू झाला होता. बाऊबाजार रस्त्याने जाताना त्याला या असोसिएशनची पाटी दिसली. तो आत गेला. हा तरुण म्हणजे चंद्रशेखर व्यंकट रामन. महेंद्रलाल सरकार १९०४ मध्येच वारले होते, प्रयोगशाळा ओस पडल्यासारखी होती. पण दार लावलेले नव्हते. पुढील दहा वर्षे रामन दिवसा हिशेब तपासत आणि सकाळ-संध्याकाळ येथे प्रयोग करीत. आशुतोष डे नावाचे मदतनीस त्यांच्या जोडीला असत. प्रयोगशाळेतील हे 'आशुबाबू' विद्यापीठातून आलेले नव्हते, पण यंत्रांवर त्यांचा हात बसलेला होता. १९१७ मध्ये रामन यांनी कमी पगारावर विद्यापीठातील प्राध्यापकपद पत्करले व सरकारी नोकरी सोडली. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी जो शोध जाहीर केला, तो असा की, द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशाहून वेगळ्या, नव्या रेषा उमटतात. पुन्हा रेषाच, आणि पुन्हा मोजमापच! १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

साखळी येथेही तुटली नाही. त्या शोधातील त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन हे १९४७ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. देशाचा मीटर सांभाळण्याचे काम या प्रयोगशाळेकडे आहे. एके काळी मीटर म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेली धातूची पट्टी होती. १९६० पासून तो क्रिप्टॉनच्या प्रकाशाच्या तरंगलांबीवरून ठरू लागला, आणि १९८३ पासून प्रकाशाच्या वेगावरून. निर्वात जागेत प्रकाश एका सेकंदात २९,९७,९२,४५८ मीटर जातो, हाच आता मीटरचा आधार. प्रत्यक्ष मोजण्यासाठी हेलियम-निऑन लेसर वापरतात. युद्धखात्यातील कारकुनाने सूर्यात पाहिलेले ते हेलियमच! शहापूरच्या कापड दुकानात ज्या पट्टीने आपण लुगडे मोजून घेतो, तिचा खरेपणा अखेर या प्रकाशाशी जाऊन भिडतो. प्रकाश मोजणाऱ्यांचा आपल्या घराशी संबंध नाही असे कोणी म्हणू नये.

दार उघडे ठेवणारे

मुलीबद्दल प्रश्न विचारणाऱ्या पित्यासाठी आणखी एक चरित्र सांगितलेच पाहिजे. त्रावणकोरमधील पीरमेड येथे १९१८ मध्ये एका सिरियन ख्रिस्ती कुटुंबात ॲना मणी यांचा जन्म झाला. १९४० मध्ये त्या बंगळूरला रामन यांच्या प्रयोगशाळेत आल्या व माणिक आणि हिरा यांच्या वर्णपटावर संशोधन करू लागल्या. संशोधन मान्यता पावले, शोधनिबंध छापले गेले, परंतु एम. एस्सी. पदवी नाही या कारणास्तव त्यांना पीएच. डी. नाकारली गेली. १९४५ मध्ये पुढील शिक्षणासाठी त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा पदार्थविज्ञानाऐवजी हवामानाची उपकरणे हाच विषय वाट्याला आला. त्या खचल्या नाहीत. १९४८ मध्ये त्या आपल्या पुण्यातील हवामान खात्यात रुजू झाल्या. परदेशातून येणारी उपकरणे देशात बनू लागावीत म्हणून त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले. देशभर सूर्यप्रकाशाची तीव्रता मोजणारी केंद्रे उभी केली. १९७६ मध्ये त्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या. आज गावोगावी छपरांवर सौर तावदाने दिसतात. कोणत्या प्रदेशात किती ऊन पडते याची जी कोष्टके त्यांनी १९८० च्या सुमारास ग्रंथरूपाने दिली, ती या कामाच्या पायाशी आहेत.

मराठी घरातील उदाहरण हवे असेल तर डॉ. दिलीप देविदास भवाळकर यांचे घ्या. मध्य प्रदेशातील सागर येथे ते वाढले, तेथील विद्यापीठात शिकले. इंग्लंडच्या साउथॅम्प्टन विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवून १९६७ मध्ये मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आले व लेसरवर काम करू लागले. पुढे इंदूरला उच्च तंत्रज्ञानाचे जे केंद्र उभे राहिले त्याची धुरा त्यांनी १९८७ ते २००३ या काळात संचालक म्हणून वाहिली. ते निवृत्त झाले, पण पुण्याच्या वेधशाळेसारखे ते केंद्र बंद पडले नाही. आज 'राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र' या नावाने ते चालू आहे. नायगमवाला आणि भवाळकर यांच्या विद्वत्तेची तुलना आम्ही करीत नाही. फरक आहे तो त्यांच्यामागे उरलेल्या माणसांचा आणि संस्थेचा.

तीच गोष्ट पुण्याची. १९१२ मध्ये जे शहर आपली दुर्बीण गमावून बसले, त्याच शहरात १९८८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांच्या पुढाकाराने 'आयुका' ही संस्था स्थापन झाली. देशातील विद्यापीठांच्या शिक्षकांना व विद्यार्थ्यांना तेथे येऊन काम करता यावे, हा तिचा हेतूच होता. म्हणजे वारसदारांची सोय आधीच केलेली. तेथे डॉ. संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्ये गोंगाटातून गुरुत्वीय लहरींची क्षीण खूण कशी हुडकावी याचे गणित मांडले. त्या वेळी अशी लहर कोणी पाहिलेली नव्हती. ती टिपली गेली चोवीस वर्षांनी, १४ सप्टेंबर २०१५ रोजी, अमेरिकेतील 'लायगो' यंत्रांवर.

हे यंत्र म्हणजे प्रकाशाच्या मोजपट्टीचा कळसच. भातसेच्या स्थिर पाण्यात दोन खडे टाकले तर दोन्हींची वर्तुळे एकमेकांत मिसळतात. कोठे लाट वाढते, कोठे नाहीशी होते. प्रकाशाचेही तसेच आहे. एका लेसर किरणाचे दोन भाग करून ते काटकोनातील दोन चार-चार किलोमीटर लांब नळ्यांतून पाठवायचे, आरशांवरून परत आणायचे आणि एकत्र मिसळायचे. एका नळीची लांबी यत्किंचित बदलली तरी मिसळलेल्या प्रकाशात फरक पडतो. अणूच्या गाभ्यातील प्रोटॉनच्या हजाराव्या भागाइतका बदल त्या दिवशी टिपला गेला. या रचनेचा मूळ आराखडा अल्बर्ट मायकेलसन यांचा, १८८१ चा. मायकेलसन हे स्थलांतरित कुटुंबातील, अमेरिकन नौदलाच्या विद्यालयात शिकून तेथेच शिकवू लागलेले. 'लायगो'चे एक जनक रेनर वाइस तर विद्यार्थिदशेत पदवीचे शिक्षण अर्धवट सुटल्यावर त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून कामाला लागले होते. तेथून ते पुन्हा शिकले, प्राध्यापक झाले आणि २०१७ मध्ये नोबेलचे मानकरी ठरले.

असे तिसरे यंत्र आपल्या महाराष्ट्रात, हिंगोली जिल्ह्यातील औंढा येथे उभारायचे ठरले आहे. २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्याला तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी मिळाली. पुण्याचे आयुका आणि इंदूरचे ते लेसर केंद्र हे दोघेही त्यात सहभागी आहेत. औंढा हे शहापूर-मुरबाडसारखेच ग्रामीण ठिकाण. मोजमापाचे एवढे मोठे यंत्र खेड्याच्या शिवारात येत आहे. तेथे शास्त्रज्ञ लागतील, तसेच निर्वात नळ्या जोडणारे, वेल्डिंग करणारे, आरसे बसविणारे, यंत्रांची देखभाल करणारे कसबी हातही लागतील.

आमचे उत्तर

आता त्या पित्याला द्यावयाचे उत्तर. वाट लांब आहे हे लपविण्यात अर्थ नाही. बी. एस्सी.ची तीन-चार वर्षे, मग एम. एस्सी., त्यानंतर पीएच. डी.ची पाच-सहा वर्षे. एम. एस्सी.साठी 'जॅम', पुढे 'नेट' व 'जेस्ट' अशा परीक्षा. संशोधन सुरू झाले की विद्यावेतन मिळते, पण तोवर घराला कळ काढावी लागते. सर्वच जण शेवटपर्यंत पोहोचत नाहीत. कोणी शिक्षक होतो, कोणी कारखान्यात तपासणीचे काम पाहतो, कोणी हवामान खात्यात किंवा मोजमापाच्या प्रयोगशाळेत जातो. परंतु वर्णपट वाचायला आणि अचूक मोजायला शिकलेला माणूस रिकामा बसत नाही, एवढे वरील चरित्रांतून दिसते. मुरबाडच्या त्या तरुणासाठी उत्तर आणखी सोपे. आशुबाबूंच्या हाताशिवाय रामन यांची प्रयोगशाळा चालली नसती.

आणि आपणा सर्वांसाठी? पुण्याची दुर्बीण गेली ती यंत्र वाईट म्हणून नव्हे, तर पुढच्या माणसाची जागा कोणी राखली नाही म्हणून. रामन घडले ते केवळ बुद्धीमुळे नव्हे, तर एका डॉक्टरने व एका धर्मगुरूने तीस वर्षांपूर्वी उघडलेले दार कोणी लावून घेतले नव्हते म्हणून. आमच्या भागात पहिल्या पिढीतील मूल पदार्थविज्ञान शिकायला निघते, तेव्हा त्याच्या मागे कोणीच गेलेले नसते. वसतिगृह कोठे, फॉर्म कधी निघतो, हे सांगणाराही घरात नसतो. ती माहिती मिळविणे, कल्याणला जाण्या-येण्याच्या पासाची सोय लावणे, परीक्षेच्या आधीचे दोन महिने शेतातल्या कामातून मोकळीक देणे, ही कामे शास्त्रज्ञांची नव्हेत. ती आपली आहेत. दार उघडे ठेवणे म्हणजे हेच.

हे सारे आम्ही त्या पित्याला त्याच्या ओटीवर बसून सांगितले. बाहेर लावणी चालू होती. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दहा वर्षं लई झाली, फादर." मुलगी दारात उभी होती. थोड्या वेळाने त्यानेच विचारले, "त्या कल्याणच्या कॉलेजचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती म्हणालात?"

तारीख आम्ही कागदावर लिहून नेली होती. तो कागद आम्ही त्या मुलीच्या हाती दिला.